भिंतीत पाय

गेल्या फेब्रुवारीत मी माझंच काम फोडलं. १९८४ साली ज्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता, त्याच भिंतीपुढं छन्नी-हातोडा घेऊन उभा राहिलो आणि वरून खाली उतरवत आलो. हातोड्याचा दांडा नुसता टेकवला तरी बद्द वाजायचं. हातहातभर फळकुटं सुटून पडायची आणि त्यांच्या पाठीला मिठाची पांढरी लव. लोणा! भिंत आतून खाल्लेली. मीच खायला घातली होती म्हणा ना.

वाडा आमच्याच गावातला. पुरंदर तालुका. गावाचं नाव लिहीत नाही, मालकाचंही नाही. मी गवंडी आहे, इतिहासाचा प्राध्यापक नाही. पण प्राध्यापक भिंतीपुढं उभा राहून फोटो काढतो आणि गवंडी भिंतीत हात घालतो. तेवढ्या अधिकारावर लिहितोय.

१९८४ ला मी चोवीस वर्षांचा. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, मग पुण्यात बिगारी, मग एका मिस्त्रीच्या हाताखाली थापी धरली. गवंडी होऊन गावात आलो तेव्हा वाड्याच्या थोरल्या मालकांचा निरोप आला. माजघराच्या मागच्या भिंतीचा चुना सुटलाय, सिमेंट मारून दे. सिमेंट तेव्हा मोठी अपूर्वाई. परमिटावर मिळायचं, १९८२ साली थोडंसं खुल्या बाजारात सुटलं, पुरतं मोकळं व्हायला १९८९ उजाडलं. तर मालकांनी पोती मिळवली आणि मी एकास चार माल कालवून भिंत आरशासारखी करून दिली. महाराचं पोर माजघरात उभं राहून काम करतंय, म्हातारीनं तोंड फिरवलं पण बोलली नाही. पाणी मागितलं तेव्हा मात्र परसदारी बोलावून वरून ओंजळीत ओतलं. भिंत शिवलेली चालत होती. तांब्या चालत नव्हता.

आता नातू आहे. पुण्यात नोकरी, शनिवारी-रविवारी गावी. मला काका म्हणतो, खुर्ची देतो, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पुढं करतो. खोटं का बोलू, पोरगा चांगला आहे. त्याला वाडा होता तसा करायचाय, चुन्यात. चुना येणारा माणूस तालुक्यात शोधत शोधत तो शेवटी आमच्याच वस्तीत आला. पहिल्या दिवशी भिंतीवर हात ठेवून म्हणाला, "काका, आपल्या पूर्वजांचं शहाणपण बघा. उन्हाळ्यात पंखा लागत नाही."

आपल्या? मी काही बोललो नाही. छन्नी लावली.

भिंत म्हणजे वहीच. सगळ्यात वर माझं सिमेंट, जाड, करडं. त्याच्याखाली निरूचा हात, पोस्टकार्डाएवढा जाड, घोटून घोटून गुळगुळीत केलेला. त्याच्याखाली वाळू-चुन्याचा गिलावा, त्यात अंबाडीचे धागे. आणि तळाला माती. पांढरी, भुसा घातलेली, आणि त्या मातीवर बोटांच्या रेघा. चार-चार बोटं ओढलेली, आडवी, बाकदार. चुन्याला धरायला जागा व्हावी म्हणून ओल्या मातीवर असा हात फिरवतात. बोटं बारीक होती. बाईची.

मी फोनमध्ये फोटो काढला. मनात म्हटलं, सापडलं! हाच आमचा इतिहास. ही आमच्या बायकांची बोटं. घरी जाऊन आयला दाखवला.

आय पंच्याऐंशीच्या पुढं आहे. डोळ्याला कमी दिसतं, फोन नाकाशी धरून बघितला. मग म्हणाली, "ही आमची न्हवं. कुणब्याच्या बायांची हायती."

"कशावरून?"

"आरं, आमाला उंबऱ्याच्या आत कोन घेतंय? त्या थापायच्या. आमी तुडवायचो. ती भिंत पावसात बसली तवा मी नवी नवरी. मागं परसात खड्डा काढला हुता. तीन दीस तुडवली. पाटीनं उंबऱ्यापत्तुर न्हेऊन ठिवायची आन मागं सरायचं. आत त्या घ्यायच्या."

"मी चौऱ्याऐंशीला त्याच भिंतीवर काम केलं, तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस का?"

मग थोड्या वेळानं म्हणाली, "हात दिसत्यात. पाय कुटं दिसत्यात?"

झालं. माझा लेख तिथंच मोडला आणि हा दुसरा सुरू झाला.

माती तुडवणं म्हणजे काय ते आज सिमेंटच्या मिक्सरपुढं उभ्या राहणाऱ्या पोराला कळायचं नाही. खड्डा खणायचा, त्यात माती, पाणी, गव्हाचा भुसा नाहीतर भाताचं तूस. चार-आठ दिवस आंबू द्यायची. वास सुटतो. मग पायानं मळायची, गुडघाभर आत जाऊन. टाचेनं दाबायचं, पाय उपसायचा, पुन्हा दाबायचं. ढेकूळ लागलं की पायालाच कळतं. भुसा सगळीकडं सारखा पसरला पाहिजे, नाहीतर वाळताना भिंत तडकते. भुसा मातीला धरून ठेवतो, लोखंड सिमेंटला धरतं तसा. ही विद्या जुनी आहे. अजिंठ्याच्या चित्रांखाली मातीचाच गिलावा आहे, त्यात तूस आहे, गवताचे धागे आहेत. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. बुद्धाचं चित्र ज्या मातीवर शतकानुशतकं टिकलं ती कुणाच्या तरी पायाखालूनच वर गेली असणार. चित्रकारांवर पुस्तकं आहेत. मातीवरही आता प्रयोगशाळेत काम होतंय. पायावर कुठं काही नाही.

आणि ही माती कुठली? गावाची जमीन दोन प्रकारची. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. पडलेल्या गढीची, जुन्या पांढरीची माती भिंतीला आणि धाब्याला चांगली, कारण ती पाणी लवकर आत घेत नाही. या पांढरीची राखण महाराकडं. गावाची शीव कुठली ते महार सांगणार, गावकूस ढासळलं की महार सावरणार, चावडी झाडणार, सांगावा नेणार, मेलेलं ढोर ओढणार. आणि स्वतः राहणार कुठं? त्याच गावकुसाच्या बाहेर. ज्या भिंतीनं आपल्याला बाहेर ठेवलं तिला दर पावसाळ्यानंतर आपणच चिखल लावायचा. बदल्यात बलुतं आणि वतनाचा एक तुकडा, ज्याच्या नावावर गावानं आणि सरकारानं चोवीस तास राबवून घ्यावं. आयला त्या तीन दिवसांची मजुरी मिळाली नाही. वतनातलं काम! शेवटच्या दिवशी भाकरी मिळाल्या, वरून टाकलेल्या. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं होतं, ते याच भाकरीविरुद्ध. बिल पास झालं नाही. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा १९५८ चा. आयनं माती तुडवली ती त्याच्या आधी पाच-सहा वर्षं. छप्पन साली आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली आणि आज्यानं येसकराची काठी चावडीत नेऊन टाकली. त्यानंतर आय वाड्यावर माती तुडवायला गेली नाही.

मी तिला विचारलं, तुम्ही तुडवलेली माती त्यांच्या माजघरात कशी चालायची? विटाळ नाही व्हायचा? आय हसली. "वल्ली हाय तवर इटाळ. वाळली की वाडा."

यात नवीन काही नाही म्हणा. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथं १९६८ ते १९८३ अशी कितीतरी वर्षं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी खोदलं. इसवी सनापूर्वी सोळाशे ते सातशे, एवढं जुनं गाव. मातीच्या भिंतींची घरं. मध्यभागी पाच खोल्यांचं मोठं घर, शेजारी धान्याचं कोठार, तो प्रमुख असावा असं पंडित म्हणतात. आणि कारागीर? ते पश्चिमेच्या कडेला. कुंभार, सोनार, हस्तिदंत कोरणारा, आणि चुना करणारा. तेव्हा जात होती असं मी म्हणत नाही, मातीतून जात सिद्ध होत नाही. पण चुना करणारा कडेला आणि कोठारवाला मध्ये, ही मांडणी मला फार ओळखीची वाटली.

चुन्याचं सांगतो, कारण चुन्यालाही हात लागतात. आमच्या या काळ्या कातळाच्या मुलखात चुनखडीचे डोंगर नाहीत. ओढ्याकाठी, मुरमात खडे सापडतात, ते वेचायचे. लोणारी ते भट्टीत भाजणार. भाजलेल्या खड्यावर पाणी टाकलं की फसफसून वाफ येते, खडा फुटून पीठ होतं. मग घाणी. गोल चर, त्यात दगडी चाक, ओढायला बैल नाहीतर रेडा. वाळू आणि चुना दळून दळून लोण्यासारखा करायचा. गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरडा घालायचे. या खड्यांच्या चुन्याचा गुण असा की त्यात मातीचा अंश असल्यानं तो ओलीतही घट्ट होतो. बाकीचं काम हवा करते. भाजताना दगडातून जो वायू गेलेला असतो तोच हवेतून परत घेत घेत चुना पुन्हा दगड होतो. त्याला वेळ लागतो. महिने, वर्षं. सिमेंटला एवढा धीर नाही.

पुण्याच्या शनिवारवाड्याला चुना आमच्या जेजुरीकडचा गेला, लाकूड जुन्नरच्या जंगलातलं, दगड चिंचवडच्या खाणीतला. पाया १७३० साली घातला आणि वास्तुशांत १७३२ साली. सोळा हजार एकशे दहा रुपये खर्च झाले म्हणतात. दहा रुपयेसुद्धा धरले आहेत! बांधणाऱ्या ठेकेदारांना पेशव्यानं नाईक किताब दिला अशीही नोंद सांगतात. घाणीच्या रेड्यामागं चालणाऱ्याला काय दिलं, ते कुणी सांगत नाही.

पण आमच्या बाजूनं एक नोंद आहे. ती कुठल्या बखरकारानं केली नाही, चौदा वर्षांच्या एका मांगाच्या मुलीनं केली. मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध ज्ञानोदयात छापून आला. तिनं लिहिलंय की पूर्वी आमच्या लोकांना तेल-शेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरत असत. वाडा बघायला येणाऱ्यांना वाटाडे दिल्ली दरवाजा दाखवतात, कारंजं दाखवतात, नारायणरावाची किंकाळी ऐकवतात. मुक्ताचं वाक्य कुणी ऐकवत नाही. पायात काय आहे ते विचारायचं नसतं, भिंत किती जाड आहे तेवढं बघायचं.

आणि जिथं फुल्यांनी मुलींची शाळा काढली तो भिडेवाडा? १८४८ ची शाळा. मी पुण्यात बिगारी होतो तेव्हा त्याच्यासमोरून रोज जायचो आणि मला माहीत नव्हतं. कळलं तेव्हा मुद्दाम थांबून बघितलं. पोपडे, फुगलेल्या भिंती, खाली दुकानं. पुढं वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली आणि डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत वाडा पाडला. तिथं राष्ट्रीय स्मारक करायचं ठरलंय. स्मारक पाहिजेच. पण एक गवंडी म्हणून मला चुटपुट लागली, की ज्या भिंतींनी त्या पोरींचा आवाज ऐकला त्यांना वेळेत कुणी एक हात निरू दिला नाही. या शहरात जतन कशाचं करायचं याची यादी कोण करतं?

जोतीराव स्वतः बांधकामातले होते, हे आपल्या लोकांनाही फारसं ठाऊक नसतं. त्यांची कंपनी होती, ते सामान पुरवायचे, कंत्राटं घ्यायचे. खडकवासल्याच्या धरणाशी, येरवड्याच्या पुलाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. म्हणून तर १८८३ साली पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी कुणब्याचं घर आतून, वस्तूवस्तूनिशी दाखवलं. ती नजर घर बांधणाऱ्याची आहे.

तेच खडकवासल्याचं धरण १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या मागोमाग फुटलं. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं आणि मातीत बांधलेले वाडे बसले. कातळासारख्या दिसणाऱ्या भिंती, वरून चुना, आत माती. मुळाशी पाणी उभं राहिलं की विरघळणारच. जुन्या मिस्त्रीनं मला ते सांगितलं होतं. त्यानंतर ज्याला परवडलं त्यानं सिमेंट मागितलं. वाड्यांना चाळी, चाळींना इमारती आल्या, आणि आमच्यासारखे गावाकडून आलेले हजारो बिगारी त्या इमारतींच्या वाळूत घमेली भरत राहिले. म्हणून कुणी मातीच्या घराचं फार गोड कौतुक करायला लागला की मी गप्प बसतो. मातीचं घर थंड असतं, खरं आहे. पण दर वर्षी सारवायला, लिंपायला घरात कुणाची तरी कंबर लागते. ती कंबर फुकट होती तोवर माती स्वस्त होती.

आमच्या लोकांना सिमेंट का आवडलं? बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय की अस्पृश्यानं घरावर कौलं घालणं हासुद्धा गावाच्या लेखी गुन्हा होता. कौलाचं घर बांधलं तर गाव चालून यायचं! चुन्याला लोणाऱ्याकडं जावं लागे, पांढरीच्या मातीला पाटलाला विचारावं लागे. सिमेंटचं पोतं ट्रकमधून उतरतं. ते कुणाच्या आडातलं नाही, कुणाच्या पांढरीतलं नाही. पैसे टाकले की आपलं. १९८४ ला मी वाड्याच्या चुन्यावर सिमेंट फासलं तेव्हा मला त्यात सूड वाटला होता की काय, आठवत नाही. हौस मात्र होती.

ती हौस भिंतीला बाधली. पायाला दगड, वर मातीतली भिंत. जमिनीतली ओल भिंतीत वर चढते, ते थांबवता येत नाही. पूर्वी ती चुन्यातून हळूहळू उडून जायची. मी वरून सिमेंटचं झाकण लावलं. ओलीला बाहेर पडायला वाट उरली नाही. पाणी आत कोंडलं, त्यातलं मीठ सिमेंटच्या पाठीशी साठत गेलं, माती पीठ झाली. तळाच्या तीन फुटांत तर मूठ घातली तर मूठभर भुकटी यायची. सिमेंट वाईट नाही, जागा चुकली. हे मी नातवाला सांगितलं आणि हेही सांगितलं की चूक माझी आहे. तो म्हणाला, आजोबांनीच सांगितलं असेल ना. सांगितलं होतं. पण थापी माझी होती.

मग काम असं केलं. सगळं सिमेंट उतरवलं, हळू, कारण जोरात मारलं की माती सोबत येते. लोणा कोरड्या कुंचल्यानं झाडून पोत्यात भरून बाहेर टाकला, भिंतीवर पाणी मारून धुतला तर मीठ पुन्हा आत जातं. भिंत महिनाभर उघडी वाळू दिली. नातवाचा जीव वरखाली, पण थांबला. खालची गेलेली माती काढून नवी भरायची होती. परसात खड्डा घेतला. जुन्याच भिंतीची पडलेली माती, तिच्यात भुसा, आठ दिवस आंबवली. आणि तुडवायला मजूर मिळेना. यंत्र आणू म्हणाला नातू. मी चपला काढल्या, पँट गुडघ्यावर घेतली आणि उतरलो. वय झालंय, दर दहा मिनिटांनी बाहेर येऊन बसायचो. नातू बघत होता. दुसऱ्या दिवशी तोही उतरला. त्याला पाय उपसता येत नव्हता. टाच आधी उचल, म्हटलं. ते मला आयनं सांगितलं होतं.

माती भरली, ओली असताना बोटांनी रेघा ओढल्या. वरच्या जुन्या रेघा जिथं शाबूत होत्या तिथं हात लावला नाही. मग एकास तीन चुना-वाळू, दोन हात, बोटाच्या अर्ध्या पेराएवढा एकेक. पहिला ओढायला लागला की दुसरा, मधे रोज पाणी शिंपडून ओलं पोतं टांगून ठेवायचं, ऊन लागू द्यायचं नाही. शेवटी निरू, पातळ, आणि घोटाई. घोटताना हात भरून येतो. वरून चुन्याचा सफेदा. सिमेंटचं जे काम मी चार दिवसांत केलं होतं त्याला अडीच महिने लागले.

पैसे पूर्ण मिळाले, बोललो होतो तेवढे. चहा माजघरातच, त्यांच्याच कपात. नातू म्हणाला, काका, एकदा आजींना घेऊन या, बघू द्या. मी आयला विचारलं. म्हणाली, "मी कशाला? मी तुडवली तवा बी भाईरच हुते, मला काय आतलं ठावं न्हाई." गेली नाही.

आयचं घरकुल आहे वस्तीत, सरकारी योजनेतलं. विटांच्या भिंती सिमेंटमध्ये बांधलेल्या, वर स्लॅब. हप्ते संपले आणि गिलावा राहिला, जसा आमच्या वस्तीत निम्म्या घरांचा राहिलाय. आतून उघड्या विटा, त्यांच्या दरजांत आय काड्यापेटी, औषधाच्या गोळ्या खोचून ठेवते. मी म्हटलं, आये, चुन्यात करू का? आता हात बसलाय. ती म्हणाली, "मला शिमिटच पायजे. गुळगुळीत. पुन्ना पुन्ना लिपायची कटकट नगं."

बरोबर आहे तिचं. त्या विटांना सिमेंटच चालतं, तिथं खालून ओल नाही. आठ पोती सांगून ठेवली आहेत. वाळू महागलीय, ती कुठून आणायची ते बघतोय. आयला सगळं १४ ऑक्टोबरच्या आत हवंय.